मत कोठे मोजले जाते?

सामान्य माणसाची धडपड राजकारणात वाया जाते काय? आपण अमेरिकेतील १९६८ सालचे उदाहरण पाहू. व्हिएतनाम युद्ध थांबावे म्हणून विद्यार्थी केस कापून, दाढ्या उतरवून न्यू हॅम्पशायरमध्ये युजीन मॅकार्थींसाठी दारोदार फिरले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या तेथील प्राथमिक निवडणुकीत मॅकार्थींना ४२ टक्के मते पडली. त्याच महिन्यात अध्यक्ष जॉन्सन यांनी माघार घेतली. परंतु ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती प्राथमिक निवडणुकांत न उतरलेल्या हंफ्रींना; कारण बहुसंख्य प्रतिनिधी पुढाऱ्यांच्या मुठीत होते! कित्येक तरुण निराश झाले. काहींनी मात्र नियमांनाच हात घातला. १९७२ पर्यंत प्रतिनिधी निवडण्याची रीत पालटली. मत देऊन आपले काम संपत नाही. ते कोठे मोजले जाते, हेही पाहावे लागते.