ग्रीन बे गावचा एक हंगाम

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू येतो आणि पायाने मारलेली किक येते. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळाच. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा म्हणा ना; आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. पायाचा संबंध अधूनमधून. तेव्हा नावावर जाऊ नये.

खेळाचे सूत्र तसे सोपे आहे. मैदान शंभर यार्ड लांब, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. ज्यांच्या हाती चेंडू, त्यांनी चार खेळ्यांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले की पुन्हा चार खेळ्या मिळतात, नाही सरकले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण. त्याला टचडाऊन म्हणतात. त्यानंतर एक किक साधली की आणखी एक गुण. तिथवर पोचणे जमेना, तर लांबूनच दोन खांबांमधून चेंडू मारायचा, त्याचे तीन. हे तीन गुण जरा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत. या साऱ्याचा सूत्रधार असतो क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हाती द्यायचा, हे ऐन गर्दीत त्यानेच ठरवायचे.

आता ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते पॅकर्स. विस्कॉन्सिन राज्यातले ग्रीन बे हे लाखभर वस्तीचे गाव. १९१९ साली तिथल्या पोरांनी संघ काढला, तेव्हा मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने सदऱ्यांसाठी पाचशे डॉलर दिले, म्हणून नाव पॅकर्स. व्यावसायिक लीगमध्ये आज बत्तीस संघ आहेत. इतरांचे मालक धनाढ्य लोक. ग्रीन बेचा संघ मात्र १९२३ पासून भागधारकांचा. या भागावर लाभांश नाही आणि तो नफ्याने विकताही येत नाही. आपल्या साखर कारखान्याच्या सभासदाला निदान उसाचा भाव मिळतो. इथे काय मिळते? संघ गावात राहतो, एवढेच.

अशा या संघाचा २०१० चा हंगाम. सप्टेंबरात फिलाडेल्फियाला पहिलाच सामना झाला. तो जिंकला, पण चेंडू घेऊन धावणारा भरवशाचा गडी रायन ग्रँट याचा घोटा त्यात दुखावला. त्या वेळचा नियम कडक होता. दुखापतीच्या यादीत एकदा नाव गेले की त्या वर्षापुरता तो गडी बाद. हंगाम संपेतो या यादीत पंधरा-सोळा नावे चढली. दुसऱ्या एखाद्या संघाचे एवढ्यावर कंबरडेच मोडले असते.

तिसरा सामना शिकागोला झाला. तिथे पॅकर्सनी अठरा वेळा नियमभंग केला, हा त्यांच्या संघाचा नकोसा विक्रम, आणि २०-१७ असे हरले. पुढे वॉशिंग्टन आणि मायामी यांच्याविरुद्ध लागोपाठ दोन सामने जादा वेळेत गेले, दोन्ही तीन-तीन गुणांनी गमावले. सहा सामने झाले तेव्हा तीन जय, तीन पराजय. मग गाडी रुळावर आली. ओळीने चार सामने जिंकले, त्यांत डॅलसला ४५-७ असे धुतले. अटलांटाला मात्र पुन्हा तीन गुणांनी हार.

खरी परीक्षा डिसेंबरात झाली. १२ तारखेला डेट्रॉइटमध्ये क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स याच्या डोक्याला मार बसला, मेंदूला हादरा बसला, त्या हंगामात दुसऱ्यांदा. तो सामना ७-३ असा गेला. पुढच्या आठवड्यात रॉजर्स बाहेरच. समोर न्यू इंग्लंड, तेव्हाचा सर्वांत तगडा संघ. राखीव क्वार्टरबॅक मॅट फ्लिन लीगमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होता. लोकांनी निकाल आधीच लावून टाकला होता. फ्लिनने मात्र शेवटच्या क्षणापर्यंत झुंजविले आणि पॅकर्स ३१-२७ असे हरले.

आता मास्तरमंडळींनी फळ्यावर मांडून बघण्यासारखा एक हिशोब सांगतो. या हंगामातले साखळीतले एकंदर पराभव सहा. पहिले चार प्रत्येकी तीन गुणांचे, शेवटचे दोन चार-चार गुणांचे. बेरीज वीस. सोळा सामन्यांत सहा पराभव, आणि सगळे मिळून वीसच गुणांचे! कोष्टकात नुसते 'हार' एवढेच लिहिलेले असते. वीस गुणांनी मोडणारा संघ आणि तीन गुणांनी निसटणारा संघ यांतला फरक कोष्टक सांगत नाही. मला तरी या हंगामाची किल्ली इथेच दिसते.

उरलेले दोन्ही सामने जिंकणे भाग होते. रॉजर्स परतला, न्यूयॉर्क जायंट्सना ४५-१७ असे हरविले. शेवटी पुन्हा शिकागो. त्यांना या सामन्यातून मिळवायचे काही नव्हते, त्यांची जागा पक्की होती. तरीही त्यांनी आपले चांगले गडी उतरविले आणि १०-३ असे हरले. दहा जय, सहा पराभव. तितकेच जय जायंट्सचे आणि टँपा बेचेही होते, पण बरोबरीचे नियम पॅकर्सच्या बाजूने गेले. सहा जागांतली शेवटची, सहावी, त्यांना मिळाली.

सहाव्याला घरचे मैदान कुठले! बाद फेरीचे तिन्ही सामने परगावी. पहिला फिलाडेल्फियाला, जिथे ग्रँट पडला होता तिथेच. त्याच्या जागी जेम्स स्टार्क्स नावाचा नवखा पोरगा. हा दुखापतीमुळे अर्धा हंगाम नुसता बसून होता. त्या दिवशी १२३ यार्ड धावला. सामना २१-१६. मग अटलांटाला ४८-२१, आणि शिकागोला, त्याच शिकागोला, २१-१४.

अंतिम सामन्याआधी एक छोटी गोष्ट घडली. संघाचे छायाचित्र ज्या दिवशी निघणार होते, तेव्हा यादीतले जखमी गडी पोचलेलेच नसणार होते. त्यांच्यापैकी काहींनी उघड नाराजी बोलून दाखविली. प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांनी दिवस पुढे ढकलला, आणि जखमी गड्यांनाही छायाचित्रात जागा मिळाली.

६ फेब्रुवारी २०११, टेक्सासमधले आर्लिंग्टन. समोर पिट्सबर्ग स्टीलर्स, तोवर सहा वेळचे विजेते. पहिल्या डावात हॉवर्ड ग्रीन या धिप्पाड गड्याने पिट्सबर्गच्या क्वार्टरबॅकचा हात ढकलला, चेंडू भलतीकडे गेला, निक कॉलिन्सने तो पकडून टचडाऊन केला. हा ग्रीन कोण? ऑक्टोबरात दुसऱ्या संघाने काढून टाकलेला माणूस! मध्यंतरापूर्वी अनुभवी चार्ल्स वूडसनचे गळ्याजवळचे हाड मोडले. मध्यंतरात तो सहकाऱ्यांशी बोलायला उभा राहिला, पण गळा दाटून आला आणि फार बोलता आले नाही.

२१-३ ची आघाडी घटत २१-१७ वर आली, पुढे २८-२५ वर. आता पिट्सबर्गला एका किकने बरोबरी साधता आली असती. तेव्हा रॉजर्सने संघ पुढे नेला आणि शेवटी पॅकर्सनी किकचे तीन गुण घेतले. ३१-२५. आता समोरच्यांना टचडाऊनच हवा. दोन मिनिटे उरली होती. पिट्सबर्गची चौथी खेळी, चेंडू हवेत गेला आणि जमिनीवर पडला. मैदानाच्या कडेला वूडसन हात झोळीत अडकवून उभा होता.