आधी हेड बघा, मग प्लग घ्या

ज्याने अ‍ॅम्बॅसिडरचं पेट्रोल इंजिन एकदा खोलून पुन्हा बसवलं आहे, त्याने एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडताना बिचकायचं कारण नाही. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी सीरीज’, चार सिलिंडरचं, 1489 सीसीचं. मॉरिस ऑक्सफर्डच्या नात्याने ते कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला आलं आणि आपल्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये बसलं. तेच 1955 साली इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात एमजीएमध्ये बसलं. पुढे 1962 साली आलेल्या एमजीबीत ते 1798 सीसीचं झालं. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत आणि कॉम्प्रेशन जास्त आहे. पण प्लग, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर यांचं दुखणं तेच. हिवरा आश्रम या गावचा पोरगा मुंबईत श्रीमंतांच्या जुन्या गाड्यांवर काम कसा करू शकला, असं मला लोक विचारतात. त्याचं उत्तर या इंजिनात आहे.

मी शिकलो मेहकरच्या एका गॅरेजात, अ‍ॅम्बॅसिडरवर आणि जीपवर. आमचे मिस्त्री गाडी आली की मालकाची तक्रार पूर्ण ऐकूनही घेत नसत. “आंधी पलग काढ, मंग बोलू,” एवढंच म्हणायचे. चारही प्लग क्रमाने फडक्यावर मांडायचे आणि प्रत्येकाचं तोंड वाचायचं. काळी, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग पुरेसा तापत नाही. काळं आणि तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाईडमधून ऑइल येतंय. पांढरंफटक आणि कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर इंजिन धोक्यात आहे. बदामी, राखाडी रंग असला की मिस्त्री काही न बोलता प्लग घासून परत लावायला सांगत.

जानेवारीत आमच्या गावात विवेकानंद जन्मोत्सव असतो. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमात त्या दिवसांत लाखो माणसं येतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. तेव्हा भाड्याच्या गाड्या गर्दीतून तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायच्या आणि संध्याकाळी मिस मारत गॅरेजला यायच्या. गाडी तीच, प्लग तोच, पेट्रोलही तेच. फक्त चाल बदलली होती. प्लग निवडताना गाडी कशी चालते हे आधी विचारावं लागतं, हे मी तिथे शिकलो.

याचं कारण प्लगच्या पोटात आहे. मधल्या दांडीभोवती जी पांढरी चिनीमाती दिसते, तिचं टोक चालू इंजिनात साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की काजळी आपोआप जळून जाते. तेच टोक 850-900 अंशांच्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोलचा भडका उडतो आणि पिस्टनला भोक पडू शकतं. या दोन आकड्यांच्या मधे टोक राहिलं पाहिजे. चिनीमातीचं टोक लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत जायला वेळ लागतो, तो ‘गरम’ प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो ‘थंड’ प्लग. शर्यतीच्या गाडीला थंड लागतो, हळू चालणाऱ्या गाडीला गरम. महागडा प्लग किंवा शर्यतीचा प्लग घेतला की गाडी जोरात पळेल, हा समज मी मुंबईत फार पाहिला. आठवड्यातून एकदा मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीला शर्यतीचा थंड प्लग लावणं म्हणजे काजळीला आमंत्रण.

त्यात 2021 च्या केंद्रीय नियमांनी भर घातली आहे. पन्नास वर्षांपुढची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली की ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नियम चांगलाच आहे, त्यामुळे जुन्या गाड्यांना कायद्याची जागा मिळाली. पण अशा गाडीचं इंजिन पुरतं तापायच्या आत घरी परतलेलं असतं. तिला कारखान्याने सांगितलेला प्लग किंवा फार तर त्याच्यापेक्षा एक पायरी गरम प्लग घ्यावा. ती लांब हायवेवर निघणार असेल, समजा समृद्धी महामार्गावरून नागपूरला, तर पुन्हा मूळ नंबरच लावावा.

आता नंबर. इथे जाणते मिस्त्रीही गोंधळतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो. चॅम्पियनचा आकडा वाढला की गरम होतो. आपल्याकडच्या मायकोची गोष्ट आणखी अवघड. बॉशची ही भारतीय कंपनी 1951 साली सुरू झाली आणि 2008 पासून बॉश याच नावाने ओळखली जाते. जुन्या पद्धतीत तिच्या प्लगवर 145, 175, 225 असे आकडे असत आणि मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. नव्या पद्धतीत 145 चा 8 झाला, 175 चा 7 आणि 225 चा 5. म्हणजे एकाच कंपनीत आता लहान आकडा थंड झाला! जुन्या दुकानात दोन्ही काळांचे डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एमजीबीसाठी चॅम्पियनचा एन 9 वाय, एनजीकेचा बीपी 6 ईएस आणि बॉशचा डब्ल्यू 7 डी हे साधारण एकमेकांच्या बरोबरीचे. आकडे 9, 6 आणि 7, काम एकच.

पण उष्णतेच्याही आधी लांबी बघायची. या गाड्यांचे बहुतेक प्लग 14 मिलिमीटर आट्यांचे असतात, त्यामुळे कुठलाही प्लग कुठल्याही हेडमध्ये फिरतो आणि तिथेच घात होतो. आट्यांचा भाग काहींचा अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, काहींचा पाऊण इंच म्हणजे 19 मिलिमीटर. बी सीरीजला पाऊण इंची लागतो. पण 1950 साली आलेल्या एमजी टीडीमध्ये सुरुवातीच्या हेडला अर्धा इंची आणि नंतरच्या हेडला पाऊण इंची लागतो, गाडीचं नाव मात्र एकच. ओळखायची खूण हेडच्या खालच्या अंगाला आहे: पाण्याची भोकं केळ्यासारखी लांबट असतील तर जुनं हेड, गोल असतील तर नवं. एका टीडीवाल्याने नाव सांगून दुकानातून प्लग आणले, दुकानदाराने पाऊण इंची दिले आणि ते जुन्या हेडमध्ये कसले गेले. आटे आत लोंबकळत राहिले, त्यांच्यावर काजळी चढून कडक झाली आणि काढताना हेडचे आटे सोबत आले. त्याचं नशीब की पिस्टन प्लगवर आपटला नाही. उलट आखूड प्लग लांब भोकात लावला तर ठिणगी भोकाच्या आतच पडते आणि उरलेल्या आट्यांत काजळी भरते. सत्तर वर्षांच्या गाडीचं हेड किती वेळा बदललेलं असेल, हे पुस्तक सांगू शकत नाही. म्हणून हेडच बघावं लागतं.

प्लगची फट बी सीरीजमध्ये 25 थाउ (इंचाचे हजारांश), म्हणजे सुमारे 0.6 मिलिमीटर. ती फिलर गेजनेच बघायची आणि वाकवायची ती बाहेरची दांडी, मधली कधीच नाही. हेड थंड असतानाच प्लग काढावा, हाताने आटे पकडवावेत आणि वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला पानाने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. जोर लावून कसणाऱ्यांनी जेवढी हेडं बिघडवली, तेवढी जुन्या पेट्रोलनेही बिघडवली नसतील.

कधी दोष प्लगचा नसतोच. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असे. एमजीबीतही 1967 च्या सुमारास ती पद्धत बदलली. रेडिओ किंवा नवा अल्टरनेटर बसवताना मालक ती उलटी करून घेतात, पण कॉइलच्या दोन तारा तशाच राहतात. प्लगची मधली दांडी जास्त तापते, म्हणून तिच्यातून इलेक्ट्रॉन सहज निघतात आणि ती निगेटिव्ह असली तर ठिणगी कमी दाबात उडते. तारा उलट्या असतील तर कॉइलला जास्त जोर करावा लागतो, चढावर गाडी मिस मारते आणि दोष प्लगला लागतो. नवे प्लग घेण्याआधी कॉइलच्या तारा तपासा, त्याला पैसे लागत नाहीत.

पेट्रोल बदललं आहे, हे ध्यानात ठेवून प्लगचा रंग वाचायचा. देशभर शिसंविरहित पेट्रोल 2000 सालापासून आहे आणि आता त्यात 20 टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ होतं आणि प्लग आमच्या मिस्त्रींच्या काळापेक्षा फिके दिसतात. पांढरट प्लग दिसला की लगेच थंड नंबर घ्यायची घाई नको. आधी एसयूचा जेट थोडा खाली घ्या, मिश्रण जरा घट्ट करा, गाडी तापवून दहा-पंधरा किलोमीटर फिरवा आणि मग पुन्हा बघा. त्यानंतरही पांढरा राहिला तर नंबरचा विचार करा.

तुमच्या घरी आजोबांची एखादी जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल तर इंग्लंडहून प्लगचा सेट मागवण्याआधी गावातल्या अशा मिस्त्रीला बोलवा, ज्याने अ‍ॅम्बॅसिडरची पेट्रोल इंजिनं केली आहेत. असे लोक चिखलीत, मेहकरात, जालन्यात अजून आहेत आणि त्यांचे हात अजून चालतात. त्यांना घाई करू नका. हेड बघू द्या, जुने चार प्लग फडक्यावर मांडू द्या, आणि तुमची गाडी महिन्यात किती चालते हे खरं सांगा.