दिव्याची काच व बेताची ऊब

कुर्डुवाडीच्या आसमंतात उसाचा हंगाम लागला म्हणजे ट्रॅक्टर व ट्रक रात्रभर रस्त्याने धावत असतात. अशा वेळी पुढील दिव्यात पाणी वा धूळ शिरून उजेड मंदावला, तर समोरची बैलगाडी वेळेवर दिसत नाही. सबब हा विषय प्राणाचा आहे.

चाकावर धाव चढविताना लोहार लोखंड तापवून फुगवितो. येथे मात्र काच व मागील कवच यांमधील डिंक तेवढा मऊ करावयाचा असतो. हल्लीची ही काच बहुधा पॉलिकार्बोनेट नामक प्लास्टिकची असते. ती सुमारे १४७ अंश सेंटिग्रेडला नरमते. ब्युटिल जातीचा काळा डिंक मात्र १०० अंशांच्या आतबाहेरच सैल होतो. कवच काचेच्याही आधी वाकू शकते. म्हणून ऊब बेताचीच हवी.

प्रथम बल्ब, स्क्रू व क्लिपा काढाव्या. मग हीटगन कडेवरून सतत फिरवीत राहावे, एका जागी धरू नये; तिची हवा ५०० अंशांपर्यंतही तापते. ज्योत मुळीच दाखवू नये. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, बोथट पट्टीने हळूहळू उकलावे.

डिंकास काकवीसारखी तार सुटली, तर काम साधेल असे समजावे. तो ऊब लागूनही कठीणच राहिला, तर तो उष्णतेने न सुटणाऱ्या जातीचा होय. तेथे बळ केल्यास काच तडकते. अशा वेळी हात आवरून नवा दिवा घेणेच आमच्या मते शहाणपणाचे.

पुन्हा जोडताना जुना डिंक खरवडून नवा घालावा, आणि पाणी शिंपडून परीक्षा केल्यावाचून गाडी रात्री रस्त्यावर आणू नये.