गुळपोळीतली खसखस

थांब, ती पोळी तशीच चावू नकोस. आधी कडेनं उकल बघू. सुटले ना दोन पदर? आता आतला गूळ बघ. तुझ्या आजीनं भरला तेव्हा लिंबाएवढा गोळा होता. लाटण्याखाली पसरून त्याचा कागद झाला आणि तो पसरला तिथंच पोळी सुटली. खसखशीवरूनही लाटणं फिरलंच की, पण दाणा न् दाणा गोल!

पोलादाचंही असंच असतं रे. त्यात थोडा गंधक राहतोच. मोकळा सोडला तर तो लोखंडाशी जुळून कणाकणांच्या मध्ये शिरतो आणि तापलेलं पोलाद लाटताना तडकतं. म्हणून त्याची गाठ मँगनीजशी बांधून देतात. तडकणं थांबतं, पण हे मँगनीज सल्फाइड म्हणजे आपला गूळ. लालभडक पोलाद रोलिंग मिलच्या रुळांतून गेलं की त्याच्या बारीक गोळ्या ताणल्या जाऊन लांब धागे होतात. मग पत्रा लाटल्या दिशेनं चिवट, आडव्या दिशेनं कच्चा.

परवा तू टायटॅनिकचा सिनेमा पाहिलास ना? त्या जहाजाच्या पत्र्याचे तुकडे समुद्रतळावरून वर आणून तपासलेत. त्यात गंधक निघाला 0.069 टक्के. पत्र्याच्या बोटभर कांड्या कापतात, मध्ये खाच पाडतात आणि लंबकासारखा झुलणारा हातोडा घालतात. मोडताना कांडीनं किती जोर खाल्ला ते मोजतात. वीस ज्यूलसुद्धा न सोसता मोडली तर ती ठिसूळ. लाटल्या दिशेनं कापलेली कांडी 32 अंश सेल्सियसच्या खाली ठिसूळ ठरली, आडवी कापलेली तर 56 च्याच खाली! पत्रा एकच, फरक दिशेचा. आणि त्या रात्री पाणी होतं शून्याच्याही खाली. पण म्हणून जहाज बांधणाऱ्यांना शिव्या घालू नकोस. 1912 साली जहाजांना मिळायचं ते पोलाद असंच होतं.

आता माझा जुना लायटर आण, या गंधकावरचा उतारा त्यात आहे. चाक फिरवलं की ठिणगी पडते ना? आम्ही त्याला दगड म्हणायचो, पण तो दगड नव्हेच. लोखंड मिसळलेला सेरियम-लँथनमचा धातू आहे तो. यांना दुर्मीळ मृदा म्हणतात. नाव ऐकून फसू नकोस, सेरियम जमिनीत जवळजवळ तांब्याइतकाच आहे. लँथनमच्या नावाचा अर्थच मुळी ‘लपून राहणं’. सेरियमच्या संयुगातच तो दडला होता, 1839 मध्ये मोसांडरनं शोधला. दोघंही ऑक्सिजन आणि गंधकाचे महाअधाशी. हवेत ठिणगी पडते तीही त्या अधाशीपणानंच.

वितळलेल्या पोलादात टनामागं या दुर्मीळ धातूंचे काही शे ग्रॅम टाकले की ते आधी ऑक्सिजन आणि मग गंधक मँगनीजच्या हातून हिसकावून घेतात. त्याचे जे कण बनतात ते बारीक आणि कडक. रुळांखाली पसरत नाहीत. खसखसच! शिवाय खडीसाखर कशी दोऱ्याला धरते, तसं थिजणारं लोखंड या कणांना धरून स्फटिक होतं. कण पुष्कळ, म्हणून स्फटिकही पुष्कळ आणि लहान. पोलादाची वीणच बारीक झाली म्हण. 1970 च्या सुमारास तेल-वायूच्या नळांचं पोलाद असं करायला लागले. आडव्या दिशेच्या कच्चेपणानं थंडीत तडा जाऊ नये, ही तिथली खरी काळजी.

मग सगळीकडं हेच का नाही? खसखस जास्त झाली की पोळी लाटताना फाटते, आजीला विचार. सेरियमचे कण जड. मळीसारखे भरभर वर तरंगत नाहीत. गुठळ्या धरतात आणि पोलाद ओतायच्या तोटीत साचून ती तुंबवतात. एकदा तोटी तुंबली की भट्टीवाल्यांची काय धावपळ! म्हणून बहुतेकांनी स्वस्त कॅल्शियम धरलं.

चीनमधल्या शेनयांगच्या संशोधकांनी मात्र हट्ट सोडला नाही. 2022 मध्ये त्यांनी छापलं, की पोलादातला आणि खुद्द त्या दुर्मीळ धातूतलाही ऑक्सिजन आधी अगदी कमी करा, मग टाका. गुठळ्या कमी झाल्या आणि तसल्या पोलादाची बेअरिंगं जास्त टिकली. अधाश्याला पोट रिकामं ठेवूनच पंगतीला बसवायचं होतं तर!

दे आता तो अर्धा पदर इकडं. गुळाकडचा.