बौद्ध धम्माकडे वळताय? सीमाभागातून कोणती वाट धरायची, आधी समजून घ्या

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात बुद्धविहार काही नवे नाहीत. तरी धम्म शिकायचं ठरवणारा नवखा माणूस पहिल्याच पायरीवर अडखळतो. कोणी म्हणतं विपश्यनेला जा, कोणी म्हणतं आधी 22 प्रतिज्ञा वाच, तर कोणी मुंडगोडच्या तिबेटी मठांचं नाव घेतं. सगळेच बौद्ध, मग फरक कुठे?

नवयान : बाबासाहेबांची वाट

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग आपल्या अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर अठराच दिवसांनी राज्य पुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी म्हैसूर राज्यात गेले. सीमा पडली, पण दोन्हीकडच्या घरांतला धम्म एकाच मुळाचा.

या वाटेवर भर समतेवर आहे. माणसाचं दुःख मागच्या जन्मीच्या कर्मावर ढकलणं बाबासाहेबांनी नाकारलं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत 1957 मध्ये आला. तो मराठीतही मिळतो.

थेरवाद आणि विपश्यना

श्रीलंका, म्यानमार, थायलंड इथली ही परंपरा. आधार पाली त्रिपिटकाचा, मान भिक्षुसंघाला. भारतात अनेकांना तिची ओळख सत्यनारायण गोएंकांच्या विपश्यना शिबिरातून होते. इगतपुरीचं धम्मगिरी हे त्याचं मोठं केंद्र. शिबिर दहा दिवसांचं, मौन पाळून, पहाटे चारपासून. फी नाही, खर्च दानावर चालतो. धर्म बदलण्याची अटही नाही. म्हणजे शिबिर केलं की माणूस बौद्ध झाला, असं होत नाही.

तिबेटी महायान

यासाठी ल्हासाला जायला नको. उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला गादेन आणि द्रेपुंग, तर म्हैसूरकडे बैलकुप्प्याला सेरा हे मोठे मठ आहेत. इथे बोधिसत्त्वाचा आदर्श, गुरूचं मार्गदर्शन, मंत्र आणि वादविवादातून अभ्यास, असं सगळं आहे. भाषा आणि विधी मात्र नवख्याला परके वाटू शकतात.

खरा पेच घरात

मैलारच्या खंडोबाला नेमाने जाणाऱ्या घरातल्या मुलाने 22 प्रतिज्ञा घेतल्या तर प्रश्न येणारच. कारण त्यांत हिंदू देवदेवतांना न मानण्याची, श्राद्ध न करण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे. प्रतिज्ञा घ्यायची आणि पितृपंधरवड्यात पान वाढायचं, हे जमत नाही. म्हणून घाई नको. आधी पंचशील पाळून बघा, घरच्यांशी बोला, मग दीक्षा घ्या. थांबून विचार करण्यात धम्माच्या विरुद्ध काही नाही.

दाखल्याचीही भीती असते. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा कायम राहतो. मात्र जातींची यादी राज्यवार असते. महाराष्ट्रातून कर्नाटकात किंवा उलट स्थलांतर केलेल्यांनी हे आधी तपासावं.

सुरुवात कुठून?

त्रिशरण आणि पंचशील तिन्ही वाटांवर आहे, तिथून सुरुवात केली तर वाट चुकत नाही. जवळच्या विहारात चार रविवार बसा. कलबुर्गीत विद्यापीठाजवळचा बुद्धविहार 2009 पासून खुला आहे. भीमेकाठच्या सन्नतीलाही जाऊन या; तिथे अशोकाचे शिलालेख सापडले आणि शेजारच्या कनगनहळ्ळीत अशोकाचं नाव कोरलेलं शिल्प मिळालं.

एवढं झालं की स्वतःला विचारा : आपल्याला मन शांत करायचंय, ग्रंथ शिकायचाय की समाज बदलायचाय? उत्तरानुसार पहिली वाट ठरेल. ती पुढे बदलली तरी चालतं. नवयानी घरातून विपश्यनेला जाणारे आजही कमी नाहीत.