खडीवरचं डांबर, हातावरचं द्रावक

25 डिसेंबर 2000 रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि आदिवासी भागात 250 लोकवस्तीच्या पाड्यालाही बारमाही रस्त्याचा हक्क मिळाला. शहापूर-मुरबाडसाठी ही मोठी गोष्ट. खडी इथलीच, काळ्या पाषाणाची. डांबर मात्र विकतचं आणि महाग, त्यामुळे हात आखडला जातो तो तिथेच. नवा रस्ता तर पहिल्या दिवशी काळाभोरच दिसतो. चोरी उघडी पडते पाऊस झाल्यावर.

ती आधीच पकडायची तर खडीवरचं डांबर धुऊन काढावं लागतं. प्रयोगशाळेत याला 'एक्स्ट्रॅक्शन' म्हणतात. तोललेला नमुना सेंट्रिफ्यूजच्या वाडग्यात घालून द्रावकात भिजवायचा, वर गाळणकागद बसवून फिरवायचा. पुन्हा द्रावक, पुन्हा फेरा, बाहेर पडणारा काळा द्रव फिकट पिवळसर होईपर्यंत. मग खडी वाळवून तोलायची. जितकं वजन घटलं तितकं डांबर. महामार्गाच्या कामात 0.3 टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे किलोभर नमुन्यात अवघे 3 ग्रॅम! खडीची बारीक भुकटी द्रवाबरोबर निसटली आणि हिशेबात धरली नाही, तर ती डांबर म्हणून मोजली जाते आणि लबाडी झाकली जाते. स्वस्त म्हणून डिझेल वापरलं तर ते खडीत रेंगाळतं, डांबर कमी भरतं आणि प्रामाणिक ठेकेदार अडकतो.

पाड्याच्या वतीने साक्ष देणारी चाचणी म्हणून मला तिच्याविषयी आदर आहे. पण तिची किंमत हे काम करणाऱ्या पोरांनी मोजली, हे आपण फार काळ पाहिलंच नाही. आधी द्रावक म्हणून बेंझीन होतं. त्याने रक्ताचा कर्करोग होतो. मग ट्रायक्लोरोइथिलीन आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये तेही कर्करोगकारक ठरवलं. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेने त्यावर बंदीचा नियम काढला. डांबराच्या चाचणीला मात्र काही वर्षांची मुदत दिली.

द्रावकाशिवायचा मार्ग 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या ऑबर्नमध्ये तयार झाला: सुमारे 538 अंश सेल्सिअसच्या भट्टीत डांबर जाळून वजनातली घट मोजायची. दगडही थोडा घटतो, म्हणून आपल्या खडीसाठी आधी दुरुस्तीचा आकडा काढावा लागतो. तालुक्याच्या कामांसाठी अशी भट्टी यायला हवी. ती येईपर्यंत वाफ ओढून घेणारं कपाट आणि द्रावकाला टिकणारे हातमोजे यांचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकातच धरावा, खडी-डांबराच्या शेजारी.