स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर डिझाइनचं सॉफ्टवेअर का कोसळतं?

आपल्या समाजातली कितीतरी मुलं आज डीटीपी, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या धंद्यात आहेत. पूर्वी दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर सगळं भागायचं. आता काहींनी महिन्याच्या भाड्यावर लिनक्स सर्व्हर घेतला आहे. ग्राहक वेबसाइटवर नाव, तारीख, हॉलचा पत्ता भरतो आणि सर्व्हर इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरकडून छपाईची फाइल तयार करून घेतो. रमजानचं वेळापत्रक वेगवेगळ्या मशिदींच्या नावाने छापायचं असेल तर ही सोय मोठी कामाची. पण शाबानच्या शेवटच्या दिवसांत ऑर्डरी एकदम येतात आणि नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअर बंद पडतं. चांद दिसल्यावर चार दिवसांनी मिळालेलं वेळापत्रक कोण घेणार?

अशा वेळी बहुतेक जण सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, नाहीतर सगळं रूट युजरने चालवून बघतात. पहिल्यात वेळ जातो. दुसरं तर धोक्याचंच, कारण ग्राहकाने पाठवलेली अनोळखी फाइल तुम्ही सर्व्हरच्या मालकाच्या अधिकाराने उघडत असता. त्यापेक्षा सर्व्हर काय सांगतोय ते आधी ऐकावं.

प्रोग्रॅम बंद पडताना एक आकडा मागे ठेवून जातो. टर्मिनलमध्ये लगेच इको लिहून पुढे जागा सोडून डॉलर आणि प्रश्नचिन्ह टाकलं की तो दिसतो. १२७ आला तर बहुधा हुकूम सापडलेला नाही किंवा एखादी लायब्ररी गायब आहे. १३४ म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच हात वर केले. १३९ म्हणजे त्याने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला. आणि १३७ म्हणजे त्याला बाहेरून ठार केलं गेलं. आमच्या मते या एका आकड्यावरून निम्मं काम होतं, तरी तो बघायचं कोणाच्या लक्षात येत नाही.

'कॅननॉट ओपन डिस्प्ले' असा संदेश आला तर प्रश्न पडद्याचा आहे. लिनक्सवर खिडक्या दाखवण्याचं काम बरीच वर्षं एक्स विंडो ही व्यवस्था करत आली. ती १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली. प्रोग्रॅम 'डिस्प्ले' नावाच्या सेटिंगमध्ये बघतो की चित्र कुठे दाखवायचं. भाड्याच्या सर्व्हरला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. म्हणूनच त्याला हेडलेस म्हणतात. तिथे ते सेटिंग रिकामं असतं आणि प्रोग्रॅम उंबरठ्यावरच अडखळतो.

यावर उपाय दोन. शक्य असेल तर खिडकी न मागणारा मार्ग वापरा. इंकस्केपला फक्त फाइल एक्सपोर्ट करायला पडदा लागत नाही. मात्र २०२० च्या १.० आवृत्तीपासून त्याचे पर्याय बदलले आहेत. जुन्या स्क्रिप्टमधला 'एक्सपोर्ट-पीएनजी' मागे पडून 'एक्सपोर्ट-फाइलनेम' आला, तेवढं तपासा. खिडकीशिवाय भागतच नसेल तर एक्सव्हीएफबी टाका. तो मेमरीतच एक खोटा पडदा उभा करतो. 'एक्सव्हीएफबी-रन' हुकमाला 'ए' हा पर्याय जोडला की प्रत्येक कामाला मोकळा नंबर मिळतो, दोन ऑर्डरी एकाच पडद्यावर भांडत नाहीत. रंगांची खोली २४ बिट ठेवा; ८ बिटच्या पडद्यावर काही प्रोग्रॅम लटकतात.

ब्लेंडरसारख्या थ्रीडीवाल्यांचं दुखणं थोडं निराळं. त्यातलं सायकल्स साध्या प्रोसेसरवरही चालतं, ईव्हीला मात्र ओपनजीएल लागतं. ग्राफिक्स कार्ड नसेल तर मेसा ते काम प्रोसेसरकडून करून घेतं. वेळ लागतो, पण चालतं. महागडं कार्ड भाड्याने घेण्याआधी हे करून बघा.

आता १३७ कडे येऊ, कारण गर्दीच्या दिवसांत खरा घात इथेच होतो. दहा फूट बाय चार फुटांचा बॅनर म्हणजे १२० बाय ४८ इंच. कोणीतरी सवयीने ३०० डीपीआय ठेवतो. झाले ३६,००० बाय १४,४०० पिक्सेल, म्हणजे ५१ कोटी ८४ लाख. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर उघडं चित्रच २ जीबीच्या घरात जातं. सर्व्हरच २ जीबीचा असेल तर लिनक्स स्वतःला वाचवण्यासाठी सर्वात जास्त मेमरी खाणाऱ्याचा बळी देतो. डीमेसेज या हुकमात 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ दिसली की समजावं. शिवाय इंकस्केप ज्या कैरो लायब्ररीवर चित्र काढतं, तिची एका बाजूची मर्यादा ३२,७६७ पिक्सेल आहे; त्यामुळे मेमरी वाढवूनही हा बॅनर निघणार नाही. लांबून बघायचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर काढला तर तेच चित्र सुमारे १२० एमबीत बसतं. आणि दहा ऑर्डरी एकदम सोडू नका, रांग लावा. डॉकर वापरत असाल तर त्याची सामायिक मेमरी मुळात फक्त ६४ एमबी असते, ती वाढवून घ्या.

एक तक्रार हमखास असते: हाताने चालवलं की चालतं, रात्री क्रॉनमधून चालवलं की पडतं. क्रॉनला तुमची सेटिंग्ज माहीत नसतात. डिस्प्ले नाही, पाथ तोकडा. हे सगळं स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहा, आणि चुकीचे संदेश एका लॉग फाइलमध्ये वळवा, नाहीतर सकाळी हाती काहीच नसतं.

कोसळणं थांबलं तरी फाइल लगेच छापायला पाठवू नका. नव्या सर्व्हरवर फॉन्ट जवळजवळ नसतातच. मराठीच्या जागी चौकोन आले तर निदान दिसतात तरी. उर्दूचं तसं नाही: नस्तालीक फॉन्ट नसेल तर सॉफ्टवेअर गुपचूप नस्ख वळणाचा दुसरा फॉन्ट घेतं. अक्षरं बरोबर असतात, पण पत्रिका आपली वाटत नाही आणि ग्राहक ती परत करतो. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट मोफत मिळतो. तो टाकून 'एफसी-लिस्ट' हुकमाने नाव यादीत आलं का ते बघा. मग एक नमुना काढा आणि घरात उर्दू वाचणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या.